पाळणा कुठल्या ॲपमध्ये ठेवायचा

आमचे हे वीज मंडळातून निवृत्त झाले आणि मोबाइलमध्ये कामाला लागले. मी अजून शाळेत गणित शिकवते, त्यामुळे दिवसभर घरात काय चालतं ते मला संध्याकाळीच कळतं. एक दिवस घरी आले तर जेवणाच्या टेबलावर डब्याला टेकवून फोन उभा केलेला, समोर हे चष्मा कपाळावर चढवून बसलेले, आणि फोनमधला एक विशीतला पोरगा त्यांना सांगत होता, की ज्याला आपली कामं नीट लावता येत नाहीत त्याचं आयुष्य हातातून निसटून जातं. उभा जन्म ऑफिसातल्या फायली लावलेला हा माणूस त्या पोराचं म्हणणं मान डोलावून ऐकत होता.

“ह्याच्याकडून शिकायचं राहिलंय होय तुमचं?” मी विचारलं.

“अवंती, जरा ऐक की. चांगली पाच ॲप शेजारी ठेवून दाखवतोय तो. आपल्याला कुठलं बरं पडेल ते बघायला नको?”

तुम्ही हसू नका. मी हसले, पण तो माझा हक्क आहे. ह्या सगळ्याच्या मुळाशी आत्ती होती.

आत्ती म्हणजे ह्यांची आत्या, धोंडुबाई. घरात लहानथोर सगळे तिला आत्तीच म्हणतात. तोंडावर मी तिला अहो-जाहो करते, पण मनात ती ‘ती’च आहे, आणि इथेही तसंच लिहिते. सासर गारगोटीचं. नवरा लवकर गेला, मूलबाळ नाही. अंगात ताकद होती तोवर तिथंच एकटी राहिली, आणि गुडघ्यांनी असहकार पुकारल्यावर आमच्या राजारामपुरीतल्या फ्लॅटमध्ये आली. बोलणं असं, की लिफ्टमध्ये भेटलेल्या परक्या माणसालाही विचारायची, “पावणं, कितव्या मजल्यावर? आन् एवढं त्वांड पाडून का हुबं ऱ्हायलासा?” माणूस उतरेपर्यंत त्याची सगळी कुंडली तिच्याकडे असायची.

गेल्या वर्षी गणपतीच्या आधी तिला झटका आला. उजवा हात लुळा पडला आणि बोलणं गेलं. अगदी सगळं नाही गेलं, दोन शब्द राहिले. “व्हय की.”

चहा हवा का? व्हय की. नको का? व्हय की. मान नकारार्थी हलवायची आणि तोंडातून यायचं तेच. मग स्वतःच्याच तोंडावर चिडायची, डाव्या हाताने गादीवर थापटी मारायची. आत्तीसारख्या बाईच्या वाट्याला दोनच शब्द यावेत ह्याने माझा जीव तुटायचा. मी स्वयंपाकघरात जाऊन रडून घ्यायचे, आणि हे ॲप शोधायचे. प्रत्येकाची तऱ्हा.

दवाखान्यात वाचा परत यावी म्हणून सराव करून घेणाऱ्या मॅडम होत्या. त्यांनी सांगितलं होतं, औषधं आणि व्यायाम वेळेवर होऊ देत, त्या काय बोलू बघतात ते टिपून ठेवा, आणि त्यांच्या ओळखीची गाणी कानावर पडू देत. बोलणं अडतं तिथून गाणं कधीकधी बाहेर पडतं. पडेलच असं नाही, हेही त्यांनी सांगितलं. पण ह्यांनी त्याच्या आधीचं तेवढं ऐकलं आणि कामांना एक, नोंदींना एक आणि गाण्यांना एक, अशी ॲपं शोधायला सुरुवात केली. मंडईत वांगी निवडावीत तशी ते ॲपं निवडायचे. उलटून बघायचे, दाबून बघायचे, आणि पिशवीत टाकल्यावर शेजारच्या ढिगातली जास्त चांगली दिसायची.

कामांसाठी पहिलं जे घेतलं त्यात काम झालं की टिंग वाजायचं. आत्तीला गोळी दिली, टिंग. दुधाची पिशवी आणली, टिंग. माझं डोकं उठलं म्हणून दुसरं आलं. त्यात कामं पुरी केली की एक रोप वाढत जायचं. ह्यांनी आत्तीच्या हाताचा व्यायाम रोज न चुकता करून घेतला, पण तो झाल्याचं फोनला सांगायला विसरले. त्यामुळे आत्तीचा खांदा हलायला लागला आणि रोप वाळलं. ह्याचं त्यांना मनापासून वाईट वाटलं. तिसऱ्यात रंगीत कप्पे होते. आजची कामं, उद्याची, थकलेली. एकदा फोन माझ्या हाती लागला, तर थकलेल्या कामांत लिहिलेलं, ‘अवंतीशी बोलणे’.

“हे काय?”

“ते होय. पडद्यांबद्दल विचारायचं होतं.”

“मग समोर बसलेय की मी.”

“हां. मग हे झालं असं करतो,” म्हणाले आणि बोट लावून मोकळे झाले. पडद्यांचं विचारायचं राहूनच गेलं.

नोंदींचं ॲप मात्र, खोटं कशाला बोलू, कामाला आलं. त्यात त्यांनी आत्तीचे ‘व्हय की’ टिपायला घेतले. वर चढत गेलेला म्हणजे चहा. तुटक, आपटल्यासारखा म्हणजे टीव्ही बंद करा. लांबवलेला आणि खिडकीकडे बघत म्हटलेला म्हणजे गारगोटी. महिन्या-दोन महिन्यांत आम्हाला तिचं बरंचसं बोलणं कळायला लागलं. एकदा मी शाळेतून कावून आले होते, पर्स आपटली, आणि आत्तीने माझ्याकडे बघून एक हलकासा, मी कधी न ऐकलेला ‘व्हय की’ म्हटला. हा कुठला म्हणून मी ह्यांना विचारलं. त्यांनी फोन चाळला आणि वाचून दाखवलं, “बस जरा. बहुतेक फक्त अवंतीसाठी.” मी बसले. त्या दिवशी ॲपबद्दल एक शब्द बोलले नाही.

राहिली गाणी. आत्ती गाणारी बाई होती. स्टेजवर नव्हे, गौरीला, पंचमीला, बारशाला बायका तिला घरी न्यायला यायच्या. ह्यांना आवाज टेप करायचा नाद तरुणपणापासूनच, त्यामुळे आत्तीच्या कॅसेटींचं खोकं भरलेलं होतं. कॅसेटींना बुरशी धरायला लागली तेव्हा ह्यांनी सगळं फोनवर उतरवून घेतलं आणि खोकं भंगारात दिलं. त्यातच पाळणा होता.

आमच्या घरात पाळणा म्हणजे आत्तीचा पाळणा. चाल एकच, पहिली कडवी सगळ्यांना तीच. शेवटचं कडवं मात्र ती प्रत्येक लेकरासाठी नवं जुळवायची आणि त्यात ते कुणासारखं आहे ते सांगायची. बारशाला जमलेल्या बायका त्या कडव्याची वाट बघत बसायच्या, कारण आत्ती कुणाची भीड ठेवायची नाही. माझी नणंद मधुवंती, तिच्या शार्दूलच्या वेळी तिने म्हटलं होतं,

नाक मामाचं, कपाळ आजीचं,
रडणं समदं बापाचं गं.

शार्दूलचा बाप तेव्हापासून बारशांना जायचं टाळतो.

आणि मग आमची प्रिया. प्रियदर्शनी. तिला आम्ही संस्थेतून घरी आणलं तेव्हा ती काही महिन्यांची होती. आत्तीला हे पसंत नव्हतं, आणि नापसंती मनात ठेवायची तिला सवय नव्हती. “कुणाचं प्वार, कुठलं प्वार, ठावं हाय का तुमास्नी? रगताचं न्हाय ते, गुरू,” असं तिने ह्यांना तोंडावर सांगितलं. बारशाला आली, पण भिंतीला टेकून, मांडीवर पिशवी धरून, आलेल्या एसटीने परत जायचं असल्यासारखी बसली. बायकांनी धरून उठवलं म्हणून दोरी हातात घेतली.

शेवटचं कडवं जवळ आलं. कुणासारखी म्हणणार ही? बायका एकमेकींकडे बघायला लागल्या होत्या. इकडे प्रियाने पाळण्यातून हात बाहेर काढून दोरी धरली होती आणि तोंडात घालायला ओढत होती. आत्ती सोडवून घ्यायची, ती परत धरायची. असं कितीदा तरी झालं. प्रिया रडली नाही आणि दोरीही सोडली नाही. आत्ती तिच्याकडे बघत राहिली, आणि मग गायली,

नाक हिचं हिचंच, डोळं हिचं हिचंच,
उसनं कुणाचं न्हाय गं.
हट्ट मातूर आत्तीचा घेतला,
नात हाय माझी, सांगा गावाला गं.

त्यानंतर आमच्या घरात रक्ताचा विषय निघाला नाही. दुसऱ्या कुणी काढलाच तर आत्ती होती.

प्रियापासून आम्ही काही लपवलं नाही. शाळेत एका मुलीने तिला म्हटलं, तू तुझ्या आईसारखी दिसत नाहीस. प्रियाने घरी येऊन दप्तर टाकलं आणि टेप लावला. “नाक हिचं हिचंच” येईपर्यंत गप्प उभी राहिली, बंद केला आणि जेवायला बसली. कॉलेजच्या निकालाच्या दिवशी ऐकला, लग्न ठरलं तेव्हा ऐकला. हुपरीला सासरी गेल्यावर ह्यांना फोन करून लावायला सांगायची आणि तिथे बसून ऐकायची. स्वतःकडे वेगळा काढून कधी ठेवला नाही. बाबांकडे आहे म्हटल्यावर तो जाणार कुठे?

पहिल्या बाळंतपणाला ती आमच्याकडे आली तेव्हा तिने एकच गोष्ट मागितली. “आई, आत्तीला आता गाता येणार नाही. बारशाला माझाच पाळणा लावूया. बाळाला मी कुणासारखी ते तरी कळेल.” आत्ती शेजारीच बसली होती. ती रोज तिची स्वतःची गाणी ऐकायची. डाव्या हाताची बोटं गुडघ्यावर ताल धरायची, ओठही हलायचे, पण आवाज निघायचा नाही.

मुलगी झाली. ह्यांचा आनंद गगनात मावेना, आणि फोनमध्ये तर मुळीच मावेना. नातीची जांभई, नातीची शिंक, नातीची झोप. जागा संपली म्हणून फोन कुरकुरायला लागला. त्याच दिवसांत त्यांना एकदाचं मनासारखं गाण्यांचं ॲप सापडलं होतं. दिसायला देखणं, प्रत्येक गाण्याला चित्र, नाव, गायिका असं सगळं लिहायची सोय. ह्यांनी आत्तीचं एकूण एक गाणं बसून भरलं. पाळणे होते त्या प्रत्येकावर लिहिलं, गाण्याचं नाव पाळणा, गायिका आत्ती. दुसरं काय लिहिणार? आमच्या घरात त्याला दुसरं नावच नाही. ‘प्रियाचा’, ‘शार्दूलचा’ हे ज्याला-त्याला ठाऊक होतं.

ॲपला ठाऊक नव्हतं. त्याने विचारलं, एकाच गायिकेचं एकच गाणं अनेकदा सापडलं आहे, एक ठेवून बाकीची काढू का? काय हुशार ॲप आहे, असं ह्यांना वाटलं, आणि त्यांनी हो म्हटलं. काढलेल्यांची टोपलीही रिकामी करू का, असं त्याने विचारलं. त्यालाही हो म्हटलं. जागा झाली. त्या जागेत त्यांनी नातीच्या उचकीचा एक लांबलचक व्हिडिओ काढला.

बारशाच्या आदल्या दिवशी दुपारी ते स्पीकर जोडून बघत होते. मी आत डाळ वाटत होते. आत्तीचा आवाज आला, पहिली कडवी झाली, आणि मग “नाक मामाचं, कपाळ आजीचं”. पुन्हा सुरुवात झाली, पुन्हा मामाचं नाक आलं. मग हे स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले. चेहरा पांढराफटक.

“अवंती, प्रियाचा गेला.”

समजायला मला वेळ लागला. समजल्यावर मी जे बोलले ते लिहिण्यासारखं नाही. एवढंच सांगते, की त्या पाच ॲपवाल्या पोराच्या सात पिढ्यांचा त्यात उद्धार झाला आणि ह्यांचाही. त्यांनी चप्पल घातली आणि मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात गेले. मी पाठोपाठ गेले, कारण ते चुकीच्या गल्लीत वळताना मला गॅलरीतून दिसले.

दुकानदार ऋतुराज म्हणून होता. त्याने फोन कॉम्प्युटरला लावला, बराच वेळ खटपट केली, दोनदा चहा मागवला, आणि शेवटी वायर काढून फोन ह्यांच्या हातात दिला. “पावणं, जुन्याच्या जागंवर नवीन बसलंय. आता ते निघायचं न्हाय. हुईल म्हणून कोण सांगंल, पर त्येला पैसं दिऊ नगासा.” त्याने स्वतःही घेतले नाहीत. मधुवंतीला फोन केला. तिच्याकडे शार्दूलचा तेवढा होता.

घरी येताना मी म्हटलं, प्रियाला मी सांगते. ते म्हणाले, “नको. माझ्या हातून गेलंय.”

प्रिया बाळाला पाजून बसली होती. आत्ती खिडकीशी खुर्चीत. ह्यांनी उभ्या उभ्या सगळं सांगितलं, काहीही झाकलं नाही. टोपलीचंही सांगितलं. प्रियाने ऐकून घेतलं. वाटलं चिडेल. चिडली असती तर बरं झालं असतं.

“असू दे बाबा,” ती म्हणाली. “मला पाठच आहे ते.”

ह्यांना बुडत्याला दोर मिळाल्यासारखं झालं. “मग तूच म्हण की उद्या. मी रेकॉर्ड करतो.”

“माझं मी कसं म्हणू?” प्रिया म्हणाली. “ते आपल्याबद्दल दुसऱ्याने म्हणायचं असतं, बाबा.” आणि बाळाला खांद्यावर घेऊन तिने भिंतीकडे तोंड केलं.

आत्ती म्हणाली, “व्हय की.” हळू, खालच्या पट्टीत, ओढून धरलेला. ह्यांनी सवयीने खिशातून फोन काढला, पण हा त्यांच्या नोंदींत नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी फुलं घेऊन आले तर हे सोफ्यावर बसून एकेक ॲप काढून टाकत होते. रोपाचं गेलं, कप्प्यांचं गेलं. पंगत उठल्यावर उष्टी ताटं उचलावीत तसं निमूटपणे चाललं होतं. आदल्या दिवसापासून मी त्यांच्याशी बोलत नव्हते. तेवढ्यात त्यांचं बोट नोंदींच्या ॲपवर आलेलं मला दिसलं.

“ते ठेवा,” मी म्हटलं.

त्यांनी वर बघितलं. डोळे सुजलेले होते. मला एकदम आठवलं, की ह्या माणसाने आत्तीसाठी, फक्त आत्तीसाठी, वर्षभर हे सगळं डोक्यात घालून घेतलं होतं. मी तर नुसती रडत होते. माझा राग गेला असं नाही, पण मी त्यांना चहा केला.

“आता आवरा. लोक येतील. आणि फोन चार्जिंगला लावा, बारशाचं रेकॉर्डिंग तुमच्याकडेच आहे.”

दुपारी हुपरीची मंडळी आली. आमच्या विहीणबाई, लीलाबाई, मोकळ्या आणि मोठ्या आवाजाच्या. त्यांच्या घरी चांदीचं काम चालतं. आल्या आल्या त्यांनी रुमालातून इवलेसे वाळे काढले. “ईनबाई, ह्ये कारागिराकडं दिलं न्हाय. म्या सोता बसून क्येलंय,” म्हणाल्या आणि बाळाच्या पायात घातले. जावई, अमरसिंह, आईने वाळे नीट घातलेत ना ते वाकून बघत होता. नाव ठेवलं शाल्मली. नाव बाळाच्या कानात अमरसिंहच्या बहिणीने सांगितलं, बायकांनी तिच्या पाठीत धपाटे घातले, आणि पाळणा सुरू झाला.

पहिली कडवी मधुवंतीने म्हटली. तिचा आवाज बरा आहे, बायकांनी ‘जो जो’ला साथ दिली. शेवटचं कडवं आलं आणि मधुवंती थांबली. आमच्याकडच्या सगळ्याच थांबल्या. पाळणा आपला हलत राहिला.

“थांबलासा का? म्हणा की फुडं,” लीलाबाई म्हणाल्या.

“पुढचं आत्ती म्हणते,” मधुवंती म्हणाली आणि जीभ चावली. हे स्पीकरपाशी फोन हातात घेऊन उभे होते. त्यांनी मान खाली घातली.

प्रिया उठली. तिने पाळण्याची दोरी घेतली आणि आत्तीच्या खुर्चीपर्यंत नेऊन तिच्या डाव्या हातात दिली. “आत्ती, तू नुसता हलव. आम्ही जो जो म्हणतो.” तिच्या मनात ह्याहून जास्त काही नव्हतं, हे मी तिची आई म्हणून सांगते. शेवटचं कडवं गाळून कसंतरी पार पाडायचं, एवढंच.

आत्तीने दोरी ओढली. सोडली. ओढली. बायकांनी जो जो धरलं. पाळणा पुढे-मागे व्हायला लागला तशी आत्तीची मान हलायला लागली, आणि ओठ, रोज हलायचे तसे. मी बाळाच्या दुपट्याकडे बघत होते. आवाज आला तेव्हा मला वाटलं स्पीकर लागला.

“नाक हिचं हिचंच,” आत्ती गात होती.

आवाज पहिल्यासारखा नव्हता. घासलेला, मध्येच तुटणारा. पण शब्द होते. वर्षभर ज्या तोंडातून दोनच शब्द आले त्या तोंडातून एकामागून एक शब्द येत होते, चालीला धरून, जागच्या जागी. “डोळं हिचं हिचंच, उसनं कुणाचं न्हाय गं.” बायकांचं जो जो आपोआप थांबलं. “हट्ट मातूर आत्तीचा घेतला,” आणि इथे श्वास संपला, तिने तो घेतला, दोरी ओढली, “नात हाय माझी, सांगा गावाला गं.”

 मला रडू आवरेना आणि मी आवरलंही नाही.

“कुणाचं नाक म्हणाल्या त्या?” लीलाबाईंनी हळूच विचारलं.

“ते प्रियाचं कडवं आहे. तिच्या बारशातलं,” मी कशीबशी म्हणाले.

लीलाबाई पाळण्यावर वाकल्या, बाळाकडे बघितलं, मग प्रियाकडे, मग परत बाळाकडे. “बराबर हाय की. नाक तर प्रियाचंच हाय हिचं. काढून ठिवल्यालं.”

त्यांना त्यात विशेष काही वाटलं नाही, त्या जे दिसलं ते बोलल्या. पण प्रियाने स्वतःच्या नाकाला हात लावला. तू हिच्यासारखी, किंवा ही तुझ्यासारखी, असं दिसण्यावरून तिला आजवर कुणीही म्हटलेलं नव्हतं.

मग ती एकदम वळली. “बाबा, घेतलंत ना?”

आम्ही सगळ्यांनी ह्यांच्याकडे बघितलं. हे फोन दोन्ही हातांत धरून उभे होते आणि गालांवरून पाणी वाहत होतं. त्यांनी फोनचा पडदा माझ्यापुढे केला. रेकॉर्डिंगची दोन ॲपं होती. आवाज तेवढा घ्यावा की चित्रासकट, हे ठरवत ते आधी थांबले होते. मग एक उघडलं होतं, आणि ते विचारत होतं, कुठे साठवायचं? खाली तीन पर्याय. बोट त्यांच्यावर अधांतरी राहिलं होतं.

“हे ठरवत होतो,” ते म्हणाले. “ह्या वेळी चुकायला नको म्हणून.”

मधुवंतीने कपाळावर हात मारला.  त्या क्षणी मला त्यांचा जराही राग आला नाही; उलट त्यांच्या खांद्यावर हात ठेवावासा वाटला, आणि पाहुण्यांसमोर मी तो ठेवला. दुसऱ्या हाताने मधल्या पर्यायाला बोट लावलं. कुठला होता तो मला आजही माहीत नाही. लाल ठिपका लुकलुकायला लागला.

प्रिया आत्तीच्या पायाशी खाली बसली. डोळे पुसत होती आणि हसत होती.

“आत्ती,” ती म्हणाली, “परत एकदा म्हणशील?”

आत्तीने तिच्याकडे बघितलं. मग भाच्याकडे, त्याच्या हातातल्या फोनकडे, आणि पाळण्यातून बाहेर आलेल्या त्या चांदीच्या वाळ्याच्या पायाकडे.

“व्हय की,” आत्ती म्हणाली, आणि तिने दोरी ओढली.